छप्पर मिळालं, पुढे काय? पुण्यातल्या आधारगृहांचा दीडशे वर्षांचा प्रवास

  नेहमीप्रमाणे हा भाग ऐकण्यासाठी रेकॉर्ड केलाय आणि ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी लिहूनही देतेय. बोलताना घेतलेले श्वास आणि 'अं, म्हणजे' तेवढे काढून टाकलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे आधारगृह. म्हणजे ज्या बाईला घरातून बाहेर पडावं लागलंय, जिला माहेरही नाही आणि सासरही नाही, तिला काही काळ राहायला मिळणारी जागा. सरकारी भाषेत याला निवारा म्हणतात. पण मला आज निवाऱ्याबद्दल कमी आणि निवाऱ्याच्या आत काय मिळतं त्याबद्दल जास्त बोलायचंय. आत शिकवतं कोण? आजारी पडल्यावर डॉक्टरकडे नेतं कोण? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथून बाहेर पडायची वेळ आली की ती बाई जाते कुठे?

आपल्याकडे या संस्थांचा इतिहास नेहमी संस्थापकांच्या चरित्रातून सांगितला जातो. फुले, पंडिता रमाबाई, कर्वे, रमाबाई रानडे. सगळी मोठी माणसं, वाद नाही. पण आज आपण थोडं उलट बघू. घरात राहणाऱ्या बाईच्या बाजूनं.

सुरुवात १८६३ पासून. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्यामागची हकीकत जोतीरावांनी स्वतः १८८४ साली, बेहरामजी मलबारींच्या टिपणांवर मत देताना लिहून ठेवली आहे. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा त्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं, दिवस गेले, त्यानं हात वर केले. तिनं जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्रीबुवांचं काय झालं हे विचारू नका.

यावर फुले पतिपत्नींनी काढलेला मार्ग अगदी साधा होता. विधवेनं गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं असेल तर जावं, घेऊन जायचं असेल तर न्यावं. तशा जाहिराती गावात लावल्या. नाव विचारणं नाही, जाब विचारणं नाही.

आता त्याच टिपणातला एक आकडा सांगते. तोपर्यंत त्या घरात ३५ गर्भवती विधवा आल्या आणि बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी जगली ५. उरलेली ३० गेली, आणि त्याचं कारणही जोतीराव देतात : गर्भ लपवण्यासाठी या बायकांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असणार, त्यामुळे पोटातच मुलांना इजा झाली होती.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. कारण यात दोन गोष्टी एकदम कळतात. एक म्हणजे जागेची गरज किती खरी होती. दुसरं म्हणजे नुसती जागा असून भागत नाही. त्या जागेपर्यंत बाई पोचते कधी, यावर सगळं ठरतं. या ३५ जणी दाराशी आल्या तोपर्यंत सगळे घरगुती उपाय करून झालेले होते. दार उघडं होतं, पण दारापर्यंतचा रस्ता लांब होता. शिवाय बाळंतपणानंतर ती बाई जाणार कुठे? बहुतेकींना, जणू काही घडलंच नाही अशा चेहऱ्यानं, जिथून आल्या तिथेच परतावं लागत असणार. १८६३ मध्ये दुसरा पर्यायच नव्हता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ लाच झाला होता, हे खरं. पण त्याच कायद्यात असंही होतं की पुनर्विवाह केला की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क संपला. म्हणजे परवानगी मिळाली, पण हाताशी जे काही असेल तेही सोडायचं.

पुढचा टप्पा २६ वर्षांनी. ११ मार्च १८८९, मुंबई. पंडिता रमाबाईंनी शारदासदन सुरू केलं. रमाबाई इंग्लंडला गेल्या होत्या, तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. मग १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, आणि तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून, गावोगाव व्याख्यानं देऊन पैसा उभा केला. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं मंडळ स्थापन झालं आणि त्यानं दहा वर्षं संस्थेचा खर्च उचलायचं कबूल केलं. दहा वर्षांची हमी! आज एखाद्या संस्थेला विचारा, तीन वर्षांचं अनुदान एकदम मंजूर झालं तरी पेढे वाटतील.

शारदासदनात पहिल्यांदा 'राहणं' आणि 'तयारी' या दोन गोष्टी एका छपराखाली आल्या. मराठी, इंग्रजी, गणित शिकवायचे. शिकून बाईनं शिक्षिका व्हावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं हा उद्देश उघड होता. ज्यांना सोवळंओवळं पाळायचंय त्यांना ते पाळायची मुभा होती. ही बारीक गोष्ट वाटते, पण नाहीये. घर सोडून आलेल्या बाईकडे स्वतःचं असं काय उरलेलं असतं? तिच्या सवयी, तिचं जेवण, तिचा देव. तेही दाराबाहेर ठेवून ये म्हटलं तर ती येणारच नाही.

सुरुवातीलाच आलेली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. देवरूखची. लहानपणी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. मग पुढची कितीतरी वर्षं सासरी काम करण्यात गेली. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईत शिकत होता, त्यानं तिला आणलं आणि सदनात घातलं.

१८९० मध्ये सदन पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी मंडळी सल्लागार होती. आणि मग वाद सुरू झाला. रमाबाई स्वतः प्रार्थना करायच्या तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं. मुली येऊन बसायच्या. मुलींना ख्रिस्ती करायचा हा डाव आहे असा आरोप झाला, केसरीनं प्रकरण लावून धरलं, आणि १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

हा वाद आपण नेहमी रमाबाई विरुद्ध टिळक असा वाचतो. कोण बरोबर, कोण चूक. मी आज त्यात पडत नाही. मला दिसतात त्या काढून नेलेल्या मुली. अर्धवट राहिलेली पुस्तकं, आणि परत तेच माजघर. त्यांना राहायचंय की जायचंय हे त्या सगळ्या रणधुमाळीत कोणी विचारलं असेल का? आधारगृह एका बाजूला देणगीदाराच्या विश्वासावर चालतं आणि दुसऱ्या बाजूला समाजाच्या. यातलं एक जरी डळमळलं तरी पहिली झळ लागते ती तिथे राहणारीला.

रमाबाई मात्र थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शारदासदनात आलेल्या बहुतेक उच्चवर्णीय विधवा होत्या, केडगावला सगळ्या जातींच्या उपाशी बायका-मुली आल्या. तिथे शेती होती, माग होते, तेलघाणा होता, गाईगुरं होती, छापखाना होता. अंध मुलींच्या शिक्षणाची सोय होती. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. दुष्काळात मरायला टेकलेली पोर काही वर्षांत कंपोझिटर होते, ही गोष्ट कुठल्याही मापानं मोठी आहे. इथे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होतं, आणि बाहेरच्या टीकेला रमाबाईंनी आता उत्तर देणंही सोडलं होतं. केडगाव म्हणजे एक गावच झालं होतं. बाहेर जाणं भाग नव्हतं, कारण बाहेरचं बरंच काही आतच होतं. हे बरं की वाईट? मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दर वेळी अडकते. ज्या बाईला बाहेर कोणीच नाही, तिच्यासाठी कायमचं गाव ही चैन नव्हे, गरजच आहे.

आता परत गोदूबाईंकडे. ११ मार्च १८९३ ला त्यांचं लग्न झालं, फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांच्याशी. कर्व्यांची पहिली पत्नी वारली होती, आणि दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच असं त्यांनी ठरवलं होतं. तारीख बघा, ११ मार्च. शारदासदनाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळे बाया कर्वे म्हणू लागले. कोकणात मुरूडला, कर्व्यांच्या गावी, बहिष्कार पडला. म्हणजे आधारगृहातून बाहेर पडायचा एक रस्ता सापडला, पण त्या रस्त्यावर गावानं काटे टाकून ठेवले होते. घर चार वर्षं सांभाळेल, नंतरचं कोण सांभाळणार?

मला वाटतं कर्व्यांची पुढची सगळी पावलं या अनुभवातून समजतात. लग्नाच्याच वर्षी त्यांनी पुनर्विवाहितांना पाठबळ देणारी मंडळी स्थापन केली. मग १४ जून १८९६ ला अनाथ बालिकाश्रम मंडळी. आणि त्यांनी एक गोष्ट कटाक्षानं केली : ही दोन कामं वेगळी ठेवली. आश्रमात विधवेनं शिकायचं. पुनर्विवाहाचा प्रचार तिथे करायचा नाही. स्वतः पुनर्विवाहित जोडपं, आणि आपल्याच आश्रमात त्याबद्दल गप्प! अनेकांना हे भित्रेपणाचं वाटलं. पण १८९३ चं शारदासदन डोळ्यांसमोर ठेवून बघा. पालकांना एकदा संशय आला की ते काय करतात हे कर्व्यांनी जवळून पाहिलं होतं. आश्रम चालू राहणं महत्त्वाचं होतं, आणि शिकलेली बाई पुढे काय करायचं ते स्वतः ठरवेल.

प्लेगचे दिवस होते. १९०० मध्ये आश्रम गावाबाहेर, हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी जमीन दिली आणि झोपडी बांधायला पैसे दिले. तिथे ना रस्ता, ना दिवा. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग चालत हिंगण्याला जायचे. पावसाळ्यात चिखलातून. मी स्वतः कर्वेनगरात भाड्यानं राहते, म्हणजे त्याच हिंगण्यात. आज तिथे डेक्कनपासून रिक्षानं यायचं म्हटलं तरी संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये वैताग येतो. माझ्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांना हिंगणे हे नावच माहीत नाही.

या आश्रमातली मला सगळ्यात आवडणारी व्यक्ती म्हणजे पार्वतीबाई आठवले. बाया कर्व्यांच्या बहीण. विधवा, पदरी एक मुलगा, केशवपन केलेलं. शिकायला म्हणून आल्या, आश्रमातली पडतील ती कामं केली, जबाबदारीच्या जागेवर गेल्या. मग आश्रमासाठी वर्गणी गोळा करायला गावोगाव हिंडल्या. पुढे १९१८ मध्ये, बेताच्या इंग्रजीवर, थेट अमेरिकेला गेल्या. 'माझी कहाणी' हे त्यांचं आत्मचरित्र आहे, मिळालं तर जरूर वाचा. जी बाई मदत घ्यायला आली तीच मदत देणारी झाली. आज समाजसेवेच्या क्षेत्रात याला मोठमोठी नावं आहेत, त्यावर कार्यशाळा होतात. हिंगण्यात ती गरजेतून आलेली रीत होती. पगारी माणसं ठेवायला पैसे नव्हते, आणि नव्यानं आलेल्या, रडून डोळे सुजलेल्या मुलीला समजवायला, जी स्वतः तशीच आली होती तिच्यापेक्षा योग्य कोण?

पण आणखी एक खरी गोष्ट सांगायला हवी. या आश्रमात आलेल्या बायका मुख्यतः ब्राह्मण आणि उच्चवर्णीय घरांतल्या होत्या. दार सगळ्यांना सारखं उघडं नव्हतं. म्हणूनच फुल्यांचं घर, केडगाव आणि हिंगणे ही एकाच सरळ रेषेतली प्रगती म्हणून बघता येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी आत आलं आणि कोणीतरी बाहेर राहिलं.

चौथी संस्था, पुणे सेवासदन, १९०९. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर. इथे एक वेगळा विचार दिसतो. सेवासदनानं दिवसाचे वर्ग सुरू केले, त्यात घरच्या बायकाही यायच्या. जोडीला वसतिगृह. म्हणजे निराधार बाई आणि घरंदाज बाई एकाच बाकावर. 'आश्रमातली' हा शिक्का आपोआप पुसट होतो. आणि त्यांनी शिक्षणाला थेट कामाशी जोडलं. १९११ पासून ससून हॉस्पिटलमध्ये नर्सिंगच्या शिक्षणासाठी बायका पाठवायला सुरुवात झाली. आज हे वाक्य सपाट वाटतं. पण त्या काळात सोवळ्यातल्या विधवेनं परक्या जातीच्या, परक्या पुरुषाच्या जखमा धुवायच्या, हे ऐकून किती घरांत भांडी आपटली असतील! रमाबाई घरोघर समजूत घालत फिरल्या. आणि ते टिकलं, कारण हॉस्पिटलला नर्स हवीच होती. शिक्षण संपलं की पुढे काय, याचं उत्तर संस्थेच्या बाहेर, शहराच्या गरजेत शोधलेलं होतं.

मी धंद्यानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे एक उदाहरण आमच्याकडचं. आम्ही एखादी सिस्टिम बनवतो तेव्हा प्रत्येक भाग एकेकटा व्यवस्थित चालतो. गोंधळ होतो तो एका भागातून दुसऱ्या भागात माहिती जाते त्या सांध्यावर. आधारगृहांचा इतिहास वाचताना मला सारखा तो सांधा दिसतो. आत जेवण आहे, शिक्षण आहे, औषध आहे. बाहेर शहर आहे. मधला सांधा कोणाच्या जबाबदारीवर?

स्वातंत्र्यानंतर ही जबाबदारी हळूहळू सरकारनं घेतली. १९६९ ची अल्पमुदत निवासगृहांची योजना, २००१-०२ ची स्वाधार, मग दोन्ही मिळून स्वाधारगृह, आणि २०२२ पासून मिशन शक्तीखाली शक्तिसदन. कागदावर यादी चांगली आहे : राहणं, जेवण, कपडे, वैद्यकीय मदत, समुपदेशन, कायद्याची मदत, व्यवसाय प्रशिक्षण. फुल्यांच्या घरापासून सेवासदनापर्यंत जे जे लोकांनी धडपडून उभं केलं, ते सगळं एका परिपत्रकात बसलंय. स्वाधारगृहाच्या नियमांत मुदतही होती. घरगुती हिंसाचारामुळे आलेल्या बाईला एक वर्षापर्यंत, इतरांना तीन वर्षांपर्यंत, आणि ५५ च्या वरच्या बायकांना पाच वर्षांपर्यंत, नंतर वृद्धाश्रम.

मुदत असणं चूक आहे असं मी म्हणत नाही. जागा मोजक्या असतात, नवीन बाई दाराशी उभी असते. पण मुदत संपते त्या दिवसाचं काय?

गेलं दीड वर्ष मी रविवारी एका आधारगृहात कॉम्प्युटर शिकवायला जाते. कुठलं ते सांगत नाही. तिथल्या एक ताई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. मराठी टायपिंग शिकल्या, एक्सेल शिकल्या, इतक्या की बाकीच्या बायका मला सोडून त्यांना शंका विचारतात. एका ऑफिसात डेटा एन्ट्रीचं काम मिळत होतं. अर्ज भरताना अडलं ते एका रकान्यावर : कायमचा पत्ता. ताईंनी मला विचारलं, 'इथे काय लिहू गं? सासरचा लिहिला तर तो शोधत येईल. माहेरचा लिहिला तर भाऊ म्हणेल, आमचं नाव कशाला? आणि इथला लिहिला तर मुलाखत घेणारा वर बघेल.' त्या रकान्यावर लाल चांदणी होती. म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. असे रकाने आमच्यासारखेच लोक बनवतात, फारसा विचार न करता, कारण प्रत्येकाला कायमचा पत्ता असतोच असं आम्ही धरून चालतो.

ताईंनी शेवटी संस्थेचा पत्ता लिहिला. काम मिळालं. आता खोली शोधतायत. एकट्या बाईला खोली, डिपॉझिट, भाडेकरार, पोलीस व्हेरिफिकेशन, 'मिस्टर काय करतात?' या सगळ्या पायऱ्या आहेत. सखी निवास नावाची नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची सरकारी योजना आहे, तिथेही चौकशी चालू आहे. संस्थेतल्या मॅडम कामाच्या वेळेपलीकडे त्यांच्यासोबत खोल्या बघत फिरतात. कोणत्याही परिपत्रकात त्याला रकाना नाही.

म्हणून मला वाटतं, या संस्थांबद्दल बोलताना प्रश्न बदलायला हवा. किती जणी राहिल्या हे आपण मोजतो, अहवालात छापतो. बाहेर पडल्यावर वर्षभरानं कोण कुठे आहे, हे मोजायला हवं, आणि त्या वर्षभराच्या सोबतीसाठी माणूस आणि पैसा ठेवायला हवा. कर्व्यांना हे कळलं होतं, रमाबाई रानड्यांना कळलं होतं. जोतीरावांनी तर ३५ आणि ५ असे आकडे लपवाछपवी न करता लिहून ठेवले. आपलं काम कुठे कमी पडलं हे सांगणारा आकडा स्वतःहून छापणारी संस्था आज मला दाखवा, मी तिच्यावर अख्खा भाग करेन.

तुमच्या गावात असं जुनं आधारगृह, आश्रम, वसतिगृह असेल तर नक्की कळवा. खास करून, तुमच्या आजीनं किंवा पणजीनं अशा ठिकाणी दिवस काढले असतील तर. या बायकांच्या आठवणी संस्थांच्या सुवर्णमहोत्सवी अंकांत फार कमी सापडतात, घरच्या गप्पांत जास्त सापडतात. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, चालेल.

पुढच्या भागात पार्वतीबाई आठवल्यांच्या अमेरिका प्रवासाबद्दल सविस्तर बोलू. तोपर्यंत, काळजी घ्या. भेटू.